सात पॉइंट, शून्य टॅग

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी मूळचा साताऱ्याचा, सध्या कोलोरॅडोत अरोरा इथे राहतो. सात वर्षांपासून दरवर्षी एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या रायफल टॅगसाठी, म्हणजे परवान्यासाठी, सोडतीत अर्ज करतोय, पहिली पसंती कायम युनिट 201. सात पॉइंट साठले, टॅग एकदाही लागला नाही. ऑफिसमधल्या एकाला न्यू मेक्सिकोत पहिल्याच अर्जात टॅग मिळाला. यंदा माझा पुण्याचा मित्रही यायचं म्हणतोय. तो इथेच राहतो, एच-1बीवर आहे, आजवर त्याने कधी अर्ज केलेला नाही. दोघांनी मिळून ग्रुप अर्ज करावा असा विचार आहे. आणखी एकाने सुचवलं की बायकोच्या नावानेही अर्ज टाक, चान्स दुप्पट होईल. ही सोडत खरंच प्रामाणिक असते का, की आत काही सेटिंग असतं? मी आता काय करावं?

उत्तर:

नमस्कार.

सेटिंग नाही. पण तुमची तक्रार चुकीची आहे असंही नाही, फक्त तिचं बोट चुकीच्या जागी आहे. म्हाडाच्या सोडतीत कुठल्या उत्पन्न गटाला किती घरं आणि कुणासाठी किती राखीव, हे संगणक सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. इथेही तसंच आहे. कुणाचा अर्ज कुठल्या डब्यात पडणार आणि त्या डब्यातून किती टॅग निघणार, हे नियमात आधीच लिहिलेलं असतं. न्याय-अन्याय जो काही व्हायचा तो तिथे होतो.

ज्यांना हा विषयच नवा आहे अशा वाचकांसाठी दोन ओळी. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, त्यामुळे ‘टॅग’ हा शब्द आपल्याला परका वाटतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत एल्क, म्युल डिअर, प्रॉन्गहॉर्न, मूस, बिगहॉर्न मेंढा यांची शिकार कायदेशीर आहे, पण मोजून. दरवर्षी त्या त्या भागातल्या कळपांची गणती होते, नर-मादीचं प्रमाण पाहिलं जातं आणि प्रत्येक युनिटमध्ये (शिकारीसाठी आखलेल्या विभागात), प्रत्येक हंगामात, प्रत्येक हत्यारासाठी किती टॅग द्यायचे ते ठरतं. एक टॅग म्हणजे एक जनावर. मागणारे जास्त आणि टॅग कमी, म्हणून सोडत.

आता तुमच्या अर्जाचं सात वर्षांत काय झालं ते बघू. कोलोरॅडोत एल्कसाठी प्रेफरन्स पॉइंटची पद्धत आहे: पहिली पसंती हुकली की एक पॉइंट साठतो, लागली की साठलेले पॉइंट शून्य. प्राणी, लिंग, युनिट, हंगाम आणि हत्यार मिळून एक हंट कोड होतो. एका हंट कोडाचे सगळे पहिल्या पसंतीचे अर्ज पॉइंटच्या उतरत्या क्रमाने लावतात आणि वरून टॅग वाटत खाली येतात. ज्या पायरीवर टॅग संपत आलेले असतात, फक्त त्या पायरीवर समान पॉइंटवाल्यांमध्ये नशिबाचा भाग येतो. त्या पायरीच्या वर सगळ्यांना टॅग, खाली कुणालाच नाही. राज्याच्या वायव्य कोपऱ्यातली 2, 10 आणि 201 ही युनिटं मोठ्या शिंगांच्या नरांसाठी प्रसिद्ध आहेत, आणि तिथल्या चांगल्या हंगामांसाठी इथल्या रहिवाशालाही वीसच्या वर पॉइंट लागतात. तुम्ही शून्यापासून सहापर्यंत पॉइंट घेऊन त्या रांगेत उभे राहिलात. म्हणजे मुख्य सोडतीत तुमची चिठ्ठी सात वर्षांत एकदाही डब्यात पडली नाही. तुम्ही हरला नाहीत, तुमचा नंबर त्या पायरीपर्यंत पोचलाच नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. ज्या कोडांना रहिवाशाला दहा किंवा जास्त पॉइंट लागत होते, अशा ठरावीक कोडांत 20 टक्क्यांपर्यंत टॅग वेगळे काढून खऱ्या अर्थाने चिठ्ठ्या टाकून देतात. याला हायब्रिड ड्रॉ म्हणतात. अट एकच, अर्ज करताना किमान पाच पॉइंट हवेत. तुमच्याकडे पाच पॉइंट सहाव्या अर्जाच्या वेळी झाले. म्हणजे तुमचा कोड या यादीत असेल, तर गेली दोन वर्षं तुम्ही या छोट्या डब्यात होतात आणि यंदाही असाल. यादी बिग गेम ब्रोशरमध्ये, म्हणजे खात्याच्या शिकार-पुस्तिकेत, छापलेली असते. तुमचा नेमका हंट कोड तीत आहे का, ते शोधा. युनिट तेच असलं तरी हंगाम किंवा हत्यार बदललं की कोड बदलतो.

कोड वाचायची सवय करा, निम्मे घोटाळे तिथेच होतात. पहिलं अक्षर प्राणी, ‘ई’ म्हणजे एल्क. दुसरं लिंग: ‘एम’ नर, ‘एफ’ मादी, ‘ई’ म्हणजे दोन्हींपैकी कुठलंही. मग युनिटचे तीन आकडे. मग हंगाम, आणि शेवटी हत्यार: ‘आर’ रायफल, ‘एम’ मझलोडर (नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक), ‘ए’ धनुष्यबाण. एका अक्षराची चूक झाली तर मादीचा टॅग हातात येतो आणि त्यासाठी साठवलेले पॉइंट मात्र शून्य होतात.

या डब्यातून नाव लागायची शक्यता किती? टक्केवारीचा अंदाज माणसाचा हमखास चुकतो, म्हणून एक हिशोब करून बघा. समजा दरवर्षी 2 टक्के शक्यता आहे. दहा वर्षं अर्ज केला तर दहा वेळा 0.98 ने गुणायचं. उत्तर सुमारे 0.82, म्हणजे निदान एकदा तरी टॅग लागायची शक्यता 18 टक्के. वीस वर्षांत 33 टक्के. पन्नास वर्षांतही 64 टक्क्यांच्या आसपासच. वीस वर्षं इमानदारीने अर्ज करणाऱ्या तीन माणसांपैकी दोघे रिकाम्या हाताने राहणार, आणि तरीही सोडतीत कुठे खोट नसणार. तुमच्या शेजाऱ्याला दोनदा लागला आणि तुम्हाला एकदाही नाही, तर तो याच गणिताचा भाग आहे.

पॉइंट पद्धतीला लोक न्याय्य म्हणतात, कारण ती रांगेसारखी दिसते: जो जास्त दिवस उभा, त्याचा नंबर आधी. पण ही रांग एसटी स्टँडवरच्या रांगेसारखी नाही. समजा एका कोडाला वर्षाला 10 टॅग आहेत. 20 पॉइंटवाले 12 जण, 19 वाले 15, 18 वाले 18 आणि 17 वाले 20. पहिल्या वर्षी 20 पॉइंटवाल्या बारांपैकी दहांना टॅग मिळतात. दुसऱ्या वर्षी उरलेले दोघे आणि नव्याने 20 वर आलेल्या पंधरांपैकी आठ जण. तिसऱ्या वर्षी मागे राहिलेले सात आणि नव्या अठरांपैकी तीन. चौथ्या वर्षी 21 पॉइंटवाले पंधरा जण उभे, टॅग दहा. म्हणजे पहिल्या वर्षी 20 पॉइंटवर जवळजवळ खात्री होती, आणि चौथ्या वर्षी 20 पॉइंटवाल्याला एकही टॅग नाही. तुम्ही दरवर्षी एक पायरी चढता, पण मधूनमधून जिनाच एका पायरीने उंच होतो. याला इथे पॉइंट क्रीप म्हणतात. वर जितके जण अडकलेले, तितका तो वेग जास्त. आज सात पॉइंट असलेल्या माणसाने ‘अजून तेरा-चौदा वर्षं, मग 201’ असा हिशोब धरला तर तो फसतो. तेरा वर्षांनी तो आकडा वीसवर थांबलेला नसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: जिथे तीन-चार वर्षांत नंबर लागतो तिथे पॉइंटची रांग चांगली, कारण माणसाला बेत आखता येतो. जिथे वीस-पंचवीस वर्षं लागतात तिथे ती नव्या आणि तरुण माणसावर अन्याय करते, कारण आज जन्मलेल्या मुलाने मोठं होऊन कितीही धीर धरला तरी पुढच्यांना गाठायची सोयच तिच्यात नाही. अशा टॅगांना सरळ चिठ्ठ्या बऱ्या, किंवा नेव्हाडासारखी मधली वाट. तिथे पॉइंटांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात आणि तितके रँडम आकडे तुमच्या अर्जाला देतात. त्यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा. पाच पॉइंट असतील तर 26 आकडे, दहा असतील तर 101, शून्य असतील तर एक. जुन्याचं पारडं भरपूर जड, पण पहिल्याच वर्षी अर्ज करणाऱ्याचाही एक आकडा खरोखर शर्यतीत असतो.

ऑफिसमधल्या सहकाऱ्याचं न्यू मेक्सिकोचं कोडंही नियमातच सुटतं. तिथे पॉइंटच नाहीत, सगळे दरवर्षी शून्यापासून. पण कोटा कायद्याने बांधलेला आहे: 84 टक्के टॅग राज्यातल्या रहिवाशांना, 10 टक्के आउटफिटरशी (पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्या व्यावसायिकाशी) करार केलेल्या अर्जदारांना, आणि 6 टक्के बाहेरच्या राज्यातल्या, आउटफिटर नसलेल्या अर्जदारांना. शंभर टॅगांचा कोड असेल तर स्वतःच्या जिवावर जाणाऱ्या बाहेरच्या माणसासाठी सहा. दहाच टॅग असतील तर सहा टक्के म्हणजे एक टॅगही भरत नाही. तुमच्या सहकाऱ्याला विचारा, त्याने अर्जात आउटफिटर दाखवला होता का. दाखवला असेल तर तो वेगळ्या डब्यात होता, जिथे टॅग जास्त आणि मोठी फी मोजायला तयार असलेली माणसं कमी. हे बेकायदा नाही, पण खिसा पाहून डबा ठरवणं हीच या व्यवस्थेतली सगळ्यात बोचणारी गोष्ट आहे. कोलोरॅडोतही त्याचं एक रूप आहे. सलग 160 एकर किंवा जास्त शेतजमीन असलेल्या मालकांसाठी टॅगांचा वेगळा हिस्सा असतो, आणि त्याचं व्हाउचर दुसऱ्याला देता येतं, म्हणजे व्यवहारात विकता येतं. यामागचं कारण पटण्यासारखं आहे, कारण हिवाळ्यात एल्कचा कळप शेतकऱ्याच्या गंजीवर पडतो. पण त्याची किंमत तुमच्या रांगेतून वजा होते.

बाहेरच्यांना कमी टॅग आणि जास्त फी, हे कोर्टात टिकतं का, असाही प्रश्न पडतो. टिकतं. मोंटानात रहिवाशाला एल्कचं लायसन्स 9 डॉलरला आणि बाहेरच्याला मात्र 225 डॉलरचं एकत्रित लायसन्स घेणं भाग, यावर खटला झाला. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला: हौसेची शिकार हा मूलभूत हक्क नाही.

आता यंदाचा अर्ज. पहिलं काम, कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या खात्याच्या साइटवरून मागच्या तीन वर्षांचे ड्रॉ रीकॅप रिपोर्ट उतरवून घ्या. पानं शेकडो असतात, तुमचा हंट कोड शोधा. एका पानावर त्या कोडाची सगळी कुंडली असते: डाव्या बाजूला पॉइंट, आणि समोर त्या पॉइंटवर किती रहिवासी, किती बाहेरचे अर्जदार होते आणि त्यातल्या किती जणांना टॅग लागला. तुमची ओळ म्हणजे 7 पॉइंट, रहिवासी, प्रौढ. तिन्ही वर्षं ती ओळ शेजारी शेजारी लिहा. जिथे तुमच्या ओळीवर सगळ्यांना टॅग मिळालाय आणि काठ, म्हणजे टॅग जिथे संपतात ती पायरी, एक-दोन पॉइंट खाली आहे, तो कोड तुमचा. ज्या कोडात मागच्या वर्षी काठ बरोबर 7 वर होता तो धोक्याचा, यंदा तो 8 वर गेलेला असू शकतो. सात पॉइंट ही लहान रक्कम नाही. 201 सोडलं तर नर एल्कचे बरेच चांगले रायफल आणि मझलोडर हंगाम या रकमेत बसतात.

दुसरं, पसंतीचा क्रम. कोलोरॅडोत अर्जात चार पसंत्या देता येतात, पण पॉइंट फक्त पहिलीला लागतात. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या निकालात निघतात, मग उरलेल्या टॅगांवर दुसऱ्या. म्हणून दुसऱ्या पसंतीला मोठं नाव असलेला कोड लिहिणं म्हणजे ती जागा वाया घालवणं. तिथे असा कोड लिहा जो पहिल्या फेरीत संपत नाही, म्हणजे मादी एल्कचे टॅग किंवा दाट झाडीतली कमी मागणीची युनिटं. दुसऱ्या पसंतीवर टॅग लागला तर पॉइंट जात नाहीत, आणि पहिली पसंती हुकल्यामुळे एक पॉइंट वाढतोही. सात वर्षं तुम्ही असं केलं असतं तर आज तेच सात पॉइंट असते आणि मधल्या काळात फ्रीझरमध्ये मांसही असतं. न्यू मेक्सिकोत हे उलट आहे. तिथे प्रत्येक अर्जाला एक आकडा मिळतो आणि तुमची पाळी आली की तुमच्या तिन्ही पसंत्या एकामागून एक बघूनच पुढच्या अर्जाकडे जातात. म्हणून तिथे पहिली जागा सगळ्यात दुर्मीळ कोडाला आणि शेवटची सगळ्यात सोप्याला द्यायची, यात काही तोटा नाही. एका राज्याची युक्ती दुसऱ्या राज्यात लावून लोक वर्षानुवर्षं चुकतात.

पहिल्या पसंतीला नुसता पॉइंट मागण्याचाही कोड असतो. ‘201 चं स्वप्न सोडायचं नाही’ असं ठरवलं असेल, तर नुसता पॉइंट मागू नका, पहिल्या पसंतीला 201 चाच कोड लिहा. कोड हायब्रिडच्या यादीत असेल तर त्यामुळे तुम्ही त्या 20 टक्क्यांच्या डब्यात राहता, आणि टॅग नाही लागला तर पॉइंट तसाही मिळतो.

आता मित्राचा विषय, आणि इथे थांबा. कोलोरॅडोत ग्रुप अर्जाला ग्रुपमधल्या सगळ्यात कमी पॉइंटवाल्याचे पॉइंट लागतात. मित्राकडे शून्य, म्हणजे तुमचा ग्रुपही शून्य. तुमच्या सात पॉइंटांचा उपयोग नाही, आणि पाचाची अट मोडल्यामुळे हायब्रिडमधूनही तुम्ही बाहेर. शिवाय ग्रुपला पुरतील एवढे टॅग उरले नसतील तर दोघांनाही मिळत नाही. (वायोमिंगमध्ये ग्रुपच्या पॉइंटांची सरासरी काढतात, त्यामुळे तिकडच्या कुणाकडून सल्ला घेतला असेल तर तो इथे लागू नाही.) दोघांना बरोबरच जायचं असेल तर साधा मार्ग आहे. कोलोरॅडोत नर एल्कच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामाचे टॅग बऱ्याच युनिटांत सोडतीविना थेट विकत मिळतात. तुम्ही तुमचा अर्ज एकट्याने करा. टॅग लागला तर मित्र बिनटॅगचा सोबती म्हणून येईल, मांस वाहून आणायला माणूस लागतोच. नाही लागला तर दोघांनी थेट विक्रीचे टॅग घ्या.

मित्र एच-1बीवर आहे, म्हणून एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. अपवादांपैकी एक म्हणजे एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. सोडतीचा अर्ज करण्याआधी कोलोरॅडोत क्वालिफाइंग लायसन्स घ्यावंच लागतं, लहान प्राण्यांच्या शिकारीचं वार्षिक लायसन्स त्यात चालतं. ते हातात येईपर्यंत मित्राने रायफल रेंजवर सरावालाही उचलू नये, आणि मुदत संपली की पुन्हा तोच नियम. ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्यावं. 1 जानेवारी 1949 किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं कार्डही लागतं. कोर्स आणि परीक्षेला वेळ जातो, तेव्हा मार्चमध्ये सुरुवात केली तर उशीर झाला समजा. रहिवासी म्हणून अर्ज करायचा तर त्याआधी सलग सहा महिने कोलोरॅडोत राहिलेलं असलं पाहिजे. दुसऱ्याच्या पत्त्यावर रहिवासी दाखवणं हा गुन्हा आहे.

बायकोच्या नावाने अर्ज टाकायचा सल्ला मनातून काढून टाका. टॅग ज्याच्या नावाचा, गोळी त्यानेच मारायची. तिच्या टॅगवर तुम्ही एल्क पाडला तर दंड होतो आणि शिकारीचे हक्क निलंबित होऊ शकतात. राज्याराज्यांत करार असल्यामुळे ते निलंबन इतर राज्यांतही लागू होतं. आणि जी व्यक्ती शिकारीला जाणारच नाही तिने टॅग अडवला तर तो रांगेतल्या खऱ्या माणसाचा गेला. जे तुम्हाला सात वर्षं बोचलं, तेच तुम्ही दुसऱ्याला करणार. तिला स्वतःला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिने आजच कोर्सला नाव घालावं आणि स्वतःचे पॉइंट जमवायला लागावं.

अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि शेवटच्या संध्याकाळी साइट अडकते, म्हणून मार्चमध्येच भरा. भरल्यावर पुष्टीचं पान उघडून हंट कोड एकेक अक्षर ब्रोशरशी ताडून बघा. मुदत संपेपर्यंत बदल करता येतो, नंतर नाही. खात्यात जे कार्ड टाकलंय त्याची मुदत जूननंतरची आहे ना, तेही बघून घ्या. टॅग लागूनही पैसे वेळेत भरले गेले नाहीत म्हणून तो हातचा जातो, असं दरवर्षी होतं. मुख्य सोडतीत हात रिकामे राहिले तर जूनमध्ये दुसऱ्या सोडतीचे अर्ज घेतात, तिला पॉइंट लागत नाहीत. त्यानंतर परत आलेले आणि उरलेले टॅग ऑगस्टपासून विक्रीला येतात. त्या यादीवर दर आठवड्याला नजर ठेवा.